गुजरानवाला ते शंभू : हुकमाखालची सही

आमच्या लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतली मुले सुट्टीच्या दिवशी हटकून किल्ल्यावर जात. तटाशी उभे राहून खाली पाहिले की सारे लष्कर आणि जुने ग्वाल्हेर तळहातावर मांडल्यासारखे दिसे. रस्त्यांवरून माणसांचे पुंजके सरकत. आम्ही पैजा लावीत असू, की ती वरात आहे की अंत्ययात्रा. वाऱ्यावर वाजंत्रीचा आवाज आला तर निकाल लागे. न आला तर पैज तशीच राही. उंचावरून दिसते पुष्कळ, परंतु कळते त्या मानाने थोडे, हा धडा त्या वयात नकळत मिळाला होता. पुढे राज्यशासनाच्या सेवेत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जमावांपुढे उभे राहण्याचे प्रसंग आले तेव्हा त्याचा अर्थ उमगला.

हे आठवण्याचे कारण असे. ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याने निघाले की टेकनपूर लागते. सीमा सुरक्षा दलाची तेथील प्रबोधिनी सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच आवारात दलाचा अश्रुधूर कारखाना आहे, आणि देशभरच्या पोलिसांना लागणारी अश्रुधुराची नळकांडी तेथे तयार होतात. २०२२ मध्ये या कारखान्याने ड्रोनमधून अश्रुधूर सोडण्याचे साधन विकसित केल्याची बातमी आली. पुढे १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंजाब-हरयाणा सीमेवरील शंभू येथे दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरयाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली, ती दृश्ये आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. आपल्या हद्दीत ड्रोन पाठवू नका, अशी हरकत पंजाबच्या अधिकाऱ्यांनी घेतली. शेतकऱ्यांनी तर पतंग उडविले. मांजाने ड्रोन खाली ओढता येईल, अशी त्यांची अटकळ होती.

त्या दिवसापासून पोलिसांनी आणि सैन्याने ड्रोन वापरावे की न वापरावे, या वादाला आपल्याकडे जोर आला आहे. एक पक्ष म्हणतो, यंत्र नवे आहे, म्हणून प्रश्नही नवा आहे. मला तसे वाटत नाही. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची पहिली मोठी सुनावणी आपल्याच देशात झाली, आणि ती घेणाऱ्यांत ग्वाल्हेर दरबारचा एक अधिकारी होता. आपल्या जुन्या घरांनाही या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. म्हणून हा लेख.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आकाशातून स्फोटके टाकण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न, नवल वाटेल, माणसावाचूनच झाला. १८४९ मध्ये व्हेनिस शहराला वेढा घातलेल्या ऑस्ट्रियन सैन्याने कागदाचे गरम हवेचे फुगे सोडले व त्यांना ठरावीक वेळाने पेट घेणारे बॉम्ब बांधले. काही फुगे शहरापर्यंत पोहोचले, काही वाऱ्याने भलतीकडेच नेले. शहर शेवटी शरण आले ते उपासमारीने आणि पटकीने. पुढे १८९९ मध्ये हेग येथील शांतता परिषदेत फुग्यांतून स्फोटके टाकण्यास पाच वर्षांची बंदी घालणारी घोषणा झाली. १९०७ मध्ये ती पुन्हा करण्यात आली खरी, परंतु तोवर विमान उडाले होते आणि अनेक मोठ्या राष्ट्रांनी या वेळी सही करण्याचे टाळले. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने त्रिपोलीजवळच्या मरूद्यानांतील तळांवर हाताने चार लहान बॉम्ब टाकले. विमानातून झालेला हा पहिला हल्ला समजला जातो. आठच वर्षांनी विमान दंगल आवरण्यासाठी वापरले गेले, आणि तेही आपल्या पंजाबात.

१३ एप्रिल १९१९ ची जालियनवाला बागेतील कत्तल सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला, लाहोरच्या उत्तरेस असलेल्या गुजरानवाला या जिल्ह्याच्या गावी काय घडले, हे मात्र त्या मोठ्या पातकाच्या सावलीत झाकले गेले. त्या दिवशी सकाळी रेल्वेच्या पुलावर मारलेले वासरू टांगलेले आढळले. जमाव खवळला. रेल्वे स्टेशन, टपाल कचेरी, तहसील, डाकबंगला, चर्च अशा इमारतींना आगी लागल्या. तारा तोडल्या गेल्या आणि पायदळ येण्यास वेळ लागणार होता. तेव्हा लाहोरहून विमाने पाठविण्यात आली. दुपारी तीनच्या सुमारास ती गुजरानवाल्यावर आली.

मेजर कार्बेरी यांचे विमान प्रथम पोहोचले. गावाबाहेर धुल्ला या खेड्याजवळ सुमारे दीडशे माणसांचा घोळका दिसला. त्याच्यावर बॉम्ब पडले आणि मशीनगन चालली. तेथे एक स्त्री व एक मुलगा मृत्युमुखी पडल्याची नोंद चौकशीत आहे. नंतर घरजाख या दुसऱ्या खेड्यावर बॉम्ब टाकण्यात आले. मग गावात परतून खालसा हायस्कूल आणि त्याच्या वसतिगृहाच्या आवारात दिसलेल्या माणसांवर बॉम्ब आणि गोळ्या आल्या. त्यानंतर प्रत्यक्ष गावातील जमावांवर. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, लेफ्टनंट डॉडकिन्स हा दुसरा वैमानिक आला. शेतात दिसलेल्या वीसएक माणसांवर त्याने मशीनगन चालविली. एका घरापुढे तीसचाळीस माणसे जमली होती व कोणी एक गृहस्थ त्यांच्याशी बोलत होता, एवढे पाहून त्याने तेथे बॉम्ब टाकला. गुजरानवाल्यातील मृतांचा अधिकृत आकडा अकरा-बारा इतकाच आहे. अमृतसरच्या तुलनेत तो लहान, म्हणूनच ही हकिकत मागे पडली असावी.

सरकारने ऑक्टोबर १९१९ मध्ये लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचे तीन सदस्य हिंदी होते : मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, लखनौचे पंडित जगत नारायण आणि ग्वाल्हेर संस्थानातील अपिलांचे सदस्य बॅरिस्टर सरदार साहेबजादा सुलतान अहमद खान. माधवराव महाराजांच्या दरबारातील हा न्यायाधिकारी पंजाबात बसून इंग्रज वैमानिकांच्या जबान्या ऐकत होता. काँग्रेसनेही स्वतंत्र चौकशी केली. तिच्या मंडळात गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्याबरोबर बडोद्याचे माजी न्यायमूर्ती अब्बास तय्यबजी होते आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. या मंडळाने १७०० हून अधिक साक्षी तपासल्या आणि मार्च १९२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ग्वाल्हेर, बडोदे, मुंबई या आपल्या परिचयाच्या गावांतील कायदेपंडितांनी आकाशातून झालेल्या माऱ्याचा हिशेब अशा प्रकारे मागितला होता.

कार्बेरी यांच्या साक्षीचा आशय आजही वाचनीय आहे. आपण सुमारे दोनशे फुटांवरून उडत होतो आणि खालचे नीट दिसत होते, असे त्यांनी सांगितले. मात्र जमावात अपराधी कोण आणि निरपराध कोण हे वेगळे काढणे आपल्याला शक्य नव्हते, हेही त्यांनी मान्य केले. काही माणसे मेली म्हणजे पुन्हा जमाव जमणार नाही, म्हणून हे त्यांच्याच हिताचे होते, असाही त्यांचा युक्तिवाद होता. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दोनशे फूट म्हणजे आमच्या किल्ल्याच्या तटाहूनही कमी उंची. एवढ्या जवळूनही तो माणूस वरात आणि दंगल यांतला फरक सांगू शकत नव्हता.

हंटर समितीतील बहुसंख्य, म्हणजे इंग्रज, सदस्यांनी त्या दिवशीच्या परिस्थितीत विमाने पाठविण्याचा निर्णय समर्थनीय मानला. परंतु अशा प्रसंगी वैमानिकांना द्यावयाच्या आज्ञा यापुढे काळजीपूर्वक आणि नेमक्या शब्दांत ठरविल्या पाहिजेत, असे त्यांनाही म्हणावे लागले. तिघा हिंदी सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला आणि खेड्यांवर व शाळेवर झालेल्या हल्ल्यांचा स्पष्ट निषेध केला. येथे एक कायदेशीर मुद्दा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागे, आणि सैन्य वापरावे लागले तरी कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन होते. विमानातून हुकूम ऐकू जात नाही. खालून कोणी हात जोडले तरी ते वर पोहोचत नाहीत. कायद्याने जमाव आणि दंडाधिकारी यांच्यामध्ये संवादाची जी एक पायरी ठेवली होती, ती विमानाने गाळून टाकली होती. आजच्या वादाचे मूळ मला येथे दिसते.

गुजरानवाल्याची चौकशी तरी झाली. त्यानंतर मात्र साम्राज्याने विमानाला कायमची नोकरी दिली आणि तिचे नाव ठेवले पोलिसी काम. १९२१ च्या मार्चमध्ये कैरोच्या परिषदेत चर्चिल यांनी इराकचा बंदोबस्त विमानदलाकडे सोपविण्याचे ठरविले. ऑक्टोबर १९२२ पासून तो अमलात आला. कारण सरळ होते : पायदळ महाग, विमान स्वस्त, शिवाय आपली माणसे मरत नाहीत. वायव्य सरहद्दीवर १९२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये विंग कमांडर पिंक यांनी दक्षिण वझिरीस्तानात केवळ विमानांच्या बळावर मोहीम चालविली. आधी पत्रके टाकून गाव सोडण्याची सूचना द्यायची, मग गाव उडवायचे, अशी पद्धत होती. त्या मोहिमेत ब्रिटिशांचे दोन वैमानिक मरण पावले. खालच्या मृतांची मोजदाद करण्याची कोणाला निकड वाटली नाही.

या धोरणाचा कळस जिनीव्हात झाला. १९३२ पासून तेथे निःशस्त्रीकरण परिषद चालू होती. मार्च १९३३ मध्ये ब्रिटनने मांडलेल्या मसुद्यात आकाशातून बॉम्ब टाकण्यास संपूर्ण बंदी सुचविली होती, परंतु दूरच्या काही प्रदेशांतील पोलिसी कामाचा अपवाद करून. म्हणजे लंडनवर बॉम्ब पडू नयेत, वझिरीस्तानवर पडण्यास हरकत नाही. अन्य राष्ट्रांनी या अपवादावर टीका केली, पुढे जर्मनी बाहेर पडली आणि परिषदच मोडली. तो एकच अपवाद परिषदेच्या अपयशाचे कारण होता असे म्हणता येणार नाही. तरीही, १९२० च्या दशकात इराकमध्ये गावांवर बॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचे प्रमुख असलेले आर्थर हॅरिस हेच १९४२ पासून जर्मन शहरांवरील हल्ल्यांचे सूत्रधार होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दूरच्या प्रदेशात अंगवळणी पडलेली गोष्ट तेथेच थांबत नाही.

आपल्याकडेही ती थांबली नाही. १९४२ च्या आंदोलनात बिहारमध्ये आणि ओरिसातील तालचेर संस्थानात जमावांवर विमानांतून मशीनगन चालविल्या गेल्या. केंद्रीय विधिमंडळात विचारणा झाली तेव्हा सरकारला अशा घटनांची कबुली द्यावी लागली. हे परकीय सरकार होते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकलो असतो. परंतु मार्च १९६६ मध्ये मिझो बंडाच्या वेळी स्वतंत्र भारताच्या वायुसेनेने ऐजॉल शहरावर मारा केला. बंडखोरांनी ठाणी घेतली होती, आसाम रायफल्सचे जवान वेढ्यात अडकले होते, अडचण खरी होती. तरीही विमाने माणसे आणि रसद उतरविण्यासाठी होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. मिझो लोक ५ मार्च हा दिवस विसरलेले नाहीत. ज्या माऱ्याखाली कोणाची सही दिसत नाही, त्याचा सल पिढ्यान्पिढ्या राहतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता ड्रोनकडे येऊ. या शब्दाचा इंग्रजी अर्थ नर मधमाशी. १९३० च्या दशकात ब्रिटनने तोफखान्याच्या सरावासाठी बिनतारी संदेशाने चालणारे एक विमान तयार केले. त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. त्यावरूनच पुढे वैमानिकरहित विमानांना ड्रोन हे नाव पडले, असे मानतात. दीर्घकाळ त्याचे काम सरावाचे लक्ष्य होण्याचे आणि नंतर टेहळणीचे होते. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेने त्यातून क्षेपणास्त्र सोडले. जून २००४ मध्ये पाकिस्तानातील पहिला हल्ला झाला, आणि तो कोठे? पिंक यांच्या त्याच दक्षिण वझिरीस्तानात. तालिबानी म्होरक्या नेक महंमद त्यात मारला गेला. ही कारवाई आपणच केली, असे पाकिस्तानी सेनेने तेव्हा सांगितले. अमेरिकेने बरीच वर्षे उघड कबुली दिली नाही. हल्ला एकाने करावा आणि नाव दुसऱ्याने सांगावे, असा हा प्रकार.

पुढील घटना मी मुद्दाम निवडून देतो, कारण त्या गुजरानवाल्याच्या जबान्यांशी पडताळून पाहण्याजोग्या आहेत. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरीस्तानात दत्ता खेल येथे खाणीच्या तंट्यासाठी जिरगा, म्हणजे पंचायत, बसली असता तिच्यावर ड्रोनहल्ला झाला व चाळीसच्या आसपास माणसे मेली. डॉडकिन्सने ज्या घरापुढच्या सभेवर बॉम्ब टाकला, तिची येथे आठवण होते. १२ डिसेंबर २०१३ रोजी येमेनमधील रादा येथे एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या मोटारींवर क्षेपणास्त्रे पडली आणि बारा जण ठार झाले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये एका मोटारीवर असाच हल्ला झाला. तिच्यात स्फोटके भरली जात आहेत असे वरून वाटले होते, प्रत्यक्षात ते पाण्याचे डबे होते. दहा निरपराध माणसे गेली, त्यांत सात मुले. तीन आठवड्यांच्या आत अमेरिकी सेनेने चूक मान्य केली. डिसेंबरमध्ये, कोणालाही शिक्षा होणार नाही, असे जाहीर केले. दोनशे फुटांवरचा माणूस ओळखू शकत नव्हता. कित्येक तास चित्र न्याहाळणारा कॅमेराही ओळखू शकला नाही.

सैन्याचे साधन पोलिसांच्या हाती येण्यास वेळ लागत नाही. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात पाच पोलिसांना मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला पोलिसांनी चाकांच्या यंत्रमानवावर स्फोटक ठेवून ठार केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने अपवादात्मक प्रसंगी यंत्रमानवाकडून जीव घेण्याची मुभा पोलिसांना दिली आणि नागरिकांच्या विरोधामुळे आठवड्याभरातच ती मागे घेतली. हा वाद भर सभेत झाला, नोंदवला गेला आणि निर्णय बदलला, हे विशेष.

ड्रोनच्या बाजूनेही बोलले पाहिजे; मी स्वतः बंदोबस्तात उभा राहिलेला माणूस आहे. दगड लागून डोळा गेलेला शिपाई मी पाहिला आहे. पूर आणि दरड यांत अडकलेल्यांना शोधण्यास ड्रोनसारखे साधन नाही. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली, १ सप्टेंबर २०२४ ला मणिपुरातील कौत्रुक गावावर सशस्त्र टोळ्यांनी ड्रोनमधून बॉम्ब टाकले, आणि मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या संख्येने वापरले गेले. शत्रूच्या हाती जे आहे ते आपल्या सैन्याने दूर सारावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न साधन ठेवण्याचा नाही. आपल्याच नागरिकांच्या जमावावर ते जेव्हा सोडले जाते, तेव्हा ते कोणी सोडले आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा आहे.

याबाबत एक स्वतःची गोष्ट सांगतो. ती मी आजवर छापील स्वरूपात कोठे लिहिलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी उत्तर मध्य प्रदेशातील एका लहान शहरात कार्यकारी दंडाधिकारी होतो. एका आंदोलनात तहसिलीपुढे मोठा जमाव आला. मी ध्वनिक्षेपकावरून तीनदा पांगण्यास सांगितले. दगड आले. मग मी अश्रुधुराच्या हुकमावर सही केली आणि सात नळकांडी सुटली. जमाव पांगला, पण वारा फिरला आणि सारा धूर शेजारच्या सरकारी रुग्णालयात शिरला. खिडक्यांना काचा नव्हत्या. बाळंतिणी आणि तान्ही मुले होती. दम्याच्या एका वृद्धाला फार त्रास झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही.

संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो. एका म्हाताऱ्या बाईने मला निरखून विचारले, “भैया, धुआँ तुमने छुड़वाया था?” मी होय म्हणालो. ती आणखी काही बोलली नाही. हातातल्या ओल्या फडक्याने नातवाचे डोळे पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागविण्यात आला : किती वाजता, किती सूचना दिल्या, किती नळकांडी, कोणत्या दिशेस. शेवटचा प्रश्न असा होता, की रुग्णालय कोणत्या बाजूस आहे हे आपणांस ठाऊक नव्हते काय? मी लिहिले, ठाऊक होते. पुढे काही वर्षे तो कागद माझ्या सेवापुस्तिकेबरोबर फिरला. त्या वेळी त्याचा राग येई. आज वाटते, त्या शहरातील लोकांना माझ्याकडून मिळालेली न्याय्य गोष्ट तेवढीच होती. विचारायला समोर एक माणूस होता, आणि कागदावर त्याचे नाव होते.

माझ्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत मिरवणुकांच्या बंदोबस्तात ड्रोन आले. नियंत्रण कक्षात पडद्यावर चित्र छान दिसे. उपयोगही होई; कोठे गर्दी तुंबली ते चटकन कळे. पण मी एक पाहिले. तरुण अधिकारी खिडकीतून बाहेर पाहीनासे झाले, आणि चौकात जाऊन मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांशी बोलण्याची जुनी रीत हळूहळू मागे पडली. पडद्यावर सारे दिसते, मग जायचे कशाला? माझे आजोबा दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते. पंचनाम्याची सही जागेवर उभे राहूनच करावी, घरी बसून करू नये, असे ते नेहमी सांगत. ते शेताच्या बांधाविषयी बोलत होते. माणसांच्या जिवाला तो नियम अधिकच लागू आहे.

कायदा आजही तोच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४८ प्रमाणे, दंडाधिकारी अथवा पोलीस अधिकाऱ्याने जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावयाचा आहे. कलम १४९ प्रमाणे सैन्य बोलावले तरी कमीत कमी बळ वापरावयाचे आहे आणि कमीत कमी इजा करावयाची आहे. १८९८ च्या संहितेतून १९७३ च्या संहितेत आणि तेथून येथे ही तरतूद चालत आली. म्हणून नव्या मोठ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जुन्या कायद्याला ड्रोनच्या बाबतीत हातपाय द्यावयाचे आहेत.

माझ्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचतात. जमावावर काहीही टाकणारे ड्रोन उडण्यापूर्वी जागेवर हजर असलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम असावा, आणि त्यावर त्याचे नाव व वेळ असावी. नियंत्रण कक्षातून ‘वरून आदेश आहे’ एवढे पुरे नसावे. दुसरे, जमावाला समजणाऱ्या भाषेत आधी सूचना दिली जावी आणि पांगण्यास वाट व वेळ मिळावा. तिसरे, शाळा, रुग्णालये आणि दाट वस्ती यांवरून अशी उड्डाणे वर्ज्य असावीत. चौथे, ड्रोनने टिपलेले चित्रीकरण जपून ठेवावे आणि चौकशीत ते पोलिसांइतकेच नागरिकांनाही मिळावे. कार्बेरी यांच्या वेळी दोनशे फुटांवरून काय दिसले यासाठी त्यांच्या शब्दावर विसंबावे लागले. आज यंत्र स्वतःच साक्षीदार आहे. त्याची साक्ष दडविली जाऊ नये, एवढेच मागणे आहे.

याने पोलिसांचे हात बांधले जातील, असे काही जुने सहकारी म्हणतील. माझे सांगणे उलट आहे. ज्याच्या सहीने काम होते त्याला जाब द्यावा लागतो हे खरे. परंतु नियमाने वागल्याचा पुरावाही त्याच सहीत असतो. माझ्या त्या खुलाशात तीन सूचनांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, म्हणूनच तो शेवटी मान्य झाला. ड्रोन चालविणाऱ्या शिपायाला उद्या कोणी दोषी धरले, तर हुकूम कोणाचा होता हे दाखविण्यास त्याच्यापाशी कागद हवा. गुजरानवाल्याच्या वैमानिकांपाशी नेमका हुकूम नव्हता, आणि त्यांना दोष देण्याचे टाळणाऱ्या सदस्यांनाही ती उणीव लपविता आली नाही.

हा लेख लिहिताना एक रुखरुख राहिली. सेटलवाड आणि जयकर यांनी आत्मचरित्रे लिहिली, त्यांच्या स्मृती पुस्तकांत राहिल्या. आमच्या ग्वाल्हेरचे सुलतान अहमद खान मात्र शहराच्या आठवणीतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. एका संस्थानचा नोकर, सरकारने नेमलेला सदस्य, तरीही इंग्रज बहुमताविरुद्ध त्याने आपले नाव लिहिले. दरबारातील जुन्या मराठी कुटुंबांपैकी कोणाच्या घरी त्यांचा पत्रव्यवहार, छायाचित्र अथवा त्या चौकशीसंबंधी काही कागद असतील, तर ते वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी आपल्या मंडळाकडे कळवावे, ही विनंती. निदान त्यांच्या सहीची एक प्रत आपल्या वाचनालयात लागावी, असे वाटते.